ऑपरेशन झालं, तरी बाबा रात्री का उठतात?
वाढलेल्या प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, लघवीची धार सुधारली. पण बाबा अजून रात्री तीनदा उठतात. ऑपरेशन फसलं का? लगेच तसं समजू नका. 'टीयूआरपी'मध्ये वाट अडवणारा भाग काढतात. पण वर्षानुवर्षं जोर लावून मूत्राशयाचा स्नायू जाड आणि चिडका झालेला असतो. तो निवळायला काही आठवडे, कधी महिने लागतात. स्नायूच कमजोर असेल किंवा मधुमेह, पार्किन्सन असेल, तर आराम कमी मिळू शकतो.

मोबाइलच्या नोट्समध्ये तीन दिवस लघवीची वेळ आणि प्रमाण टिपा. डॉक्टरांच्या 'आयपीएसएस' प्रश्नावलीत लक्षणांचे ७ प्रश्न, ३५ गुण असतात. गुण कमी, तर त्रास कमी. ऑपरेशनआधीचा आणि आताचा आकडा ताडून बघा.

लघवी अडली, ताप आला किंवा रक्ताच्या गाठी पडल्या, तर नोंदी राहू द्या. आधी डॉक्टरांना फोन लावा.