कीबोर्ड निवडताना : पट्टीखाली काय असते?

शाळेसाठी किंवा घरी शिकू पाहणाऱ्या मुलासाठी 'कॅसिओ' घ्यायला आपण दुकानात जातो. (कॅसिओ हे एका कंपनीचे नाव, पण बेंजो पार्टीपासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डला सर्रास तेच म्हणतात.) दुकानदार पहिले बटण दाबतो ते डेमोचे. ड्रम, बासरी, व्हायोलिनांचा ताफा असे सगळे एकदम वाजू लागते आणि आपण खूष होतो. पट्ट्यांना मात्र अजून कोणी हातही लावलेला नसतो.

खोक्यावर '४०० ध्वनी, १०० ठेके' असे काहीतरी छापलेले असते. एका शाळेने देणगीच्या पैशातून याच आकड्यांवर वाद्य निवडलेले आम्ही पाहिले आहे. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज एकसारखाच निघतो, हे कळेपर्यंत वर्ष उलटले होते. पेटीवर आवाज लहानमोठा करण्याचे काम भाता करतो. कीबोर्डला भाता नाही. तेव्हा अशा वाद्यावर शिकणाऱ्या मुलाच्या बोटाला हळू आणि जोरात यांतला फरक कळायला जागाच उरत नाही.

चांगल्या कीबोर्डला तो फरक कसा कळतो? पट्टीखाली जोर मोजणारा काटा असतो असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तेथे रबराच्या टोपीखाली एकामागोमाग जोडले जाणारे दोन विद्युत संपर्क असतात. पट्टी खाली जाताना आधी पहिला जुळतो, मग दुसरा. दोन्हींमधला वेळ आतला छोटा संगणक मोजतो. पट्टी जोरात मारली तर हा वेळ काही सहस्रांश सेकंद, हळूच दाबली तर त्याच्या कित्येक पट. अंतर ठरलेले, वेळ मोजलेला, म्हणजे वेग मिळाला! १९८३ साली ठरलेल्या मिडी या संकेतप्रणालीत हा वेग १ ते १२७ या आकड्यांत सांगतात. सर्वांत स्वस्त वर्गातल्या अनेक मॉडेलांत ही सोय नसते. म्हणून दुकानात 'टच रिस्पॉन्स' चालू करायला सांगावे, पियानोचा ध्वनी निवडावा आणि एकच पट्टी आधी हळूच, मग झटक्याने दाबून पाहावी. आवाजात फरक पडला नाही तर ध्वनी चारशे असोत की आठशे, ते वाद्य शिकण्यासाठी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता साथीकडे वळू. अरेंजर कीबोर्डवर डाव्या हाताने सा-ग-प दाबले की ड्रम, बेस, गिटार आपोआप त्या स्वरांना धरून वाजतात. यात जादू नाही, वजाबाकी आहे. काळ्या-पांढऱ्या दोन्ही पट्ट्या मोजल्या तर सा ते ग चार पायऱ्या, ग ते प तीन. चार-तीन म्हणजे मेजर कॉर्ड. कोमल गंधार घेतला तर तीन-चार, म्हणजे मायनर. साथीचा नमुना एका कॉर्डमध्ये साठवलेला असतो. संगणक तो या हिशेबाने वरखाली सरकवतो. फळ्यावर बारा घरे काढून सातवीतली मुलेही हे करून दाखवतील. पण ताल सांभाळण्याचे काम यंत्राने घेतले की मुलाचा ताल कच्चा राहतो. पहिले काही महिने साथ बंद ठेवून नुसत्या मेट्रोनोमवर वाजवावे. ठेके ऐकायचेच असतील तर केरवा आणि दादरा आहेत का ते पाहावे. भारतासाठी काढलेल्या काही मॉडेलांत तबला आणि तानपुराही असतो.

साथ, बेस आणि आपली बोटे मिळून किती स्वर एकाच वेळी उमटू शकतात यालाही मर्यादा असते. तिला पॉलिफोनी म्हणतात. ती ३२ असेल आणि साथ भरगच्च असेल तर लांबवलेले स्वर मध्येच तुटतात. ४८ किंवा ६४ असल्यास बरे.

गाणाऱ्या मुलांसाठी एक अडचण उरते. कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. प्रत्येक स्वर आधीच्याच्या सुमारे १.०५९५ पट. सा २४० हर्ट्झ धरला तर पंचम ३५९.६ येतो. तानपुऱ्याचा ३६०, फरक जाणवत नाही. गंधार मात्र ३०० ऐवजी ३०२.४ येतो. तानपुऱ्याच्या सा मधला पाचवा उपस्वर १२००, कीबोर्डच्या ग चा चौथा सुमारे १२०९.५. म्हणजे सेकंदाला नऊ-दहा विस्पंद! कान तयार असेल तर तो गंधार थरथरल्यासारखा वाटतो. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमवर घातलेल्या आणि १९७१ साली शिथिल केलेल्या बंदीमागेही ठरीव स्वरांबद्दलचा असाच आक्षेप होता. काही कीबोर्डांत प्रत्येक स्वर थोडा चढवता-उतरवता येतो. 'स्केल ट्यूनिंग' आहे का, हे जरूर विचारावे. परिपाठाला मुले काळी चारमध्ये गात असतील आणि शिक्षकांची बोटे पांढरी एकवर बसलेली असतील, तर 'ट्रान्सपोज' बटण उपयोगी पडते. ते बहुतेक सर्वांत असते.

बाकीचे थोडक्यात. पट्ट्या ६१ असाव्यात, म्हणजे पूर्ण पाच सप्तके. त्यांची रुंदी पाहायला फूटपट्टी न्यावी: एका सप्तकातल्या सात पांढऱ्या पट्ट्या मिळून सुमारे साडेसोळा सेंटिमीटर भरल्या पाहिजेत. वीज जाणाऱ्या गावात सेलवर चालणारे वाद्य घ्यावे. जुने घेत असाल तर टच रिस्पॉन्स चालू ठेवून ६१ पट्ट्या एकेक करून हळूच दाबाव्यात. एखादी हळू दाबूनही ठणकन वाजली तर तिच्या दोन संपर्कांपैकी एकावर धूळ बसली असण्याचा संभव आहे. साफसफाईचा खर्च किमतीतून वजा करूनच पैसे द्यावेत.