एका अक्षराची चूक

“घरात खाण्यापिण्याची ददात नाही, टॉनिकच्या बाटल्या झाल्या, तरी पोराच्या अंगात रक्त राहत नाही. थंडी पडली की हातपाय दुखतात, डोळे पिवळे दिसतात.” विदर्भात किंवा नंदुरबारकडे आईवडिलांची अशी तक्रार डॉक्टरांना नवी नाही. अशा प्रत्येक मुलाला सिकलसेल असतोच असे नाही. पण तो निघालाच, तर त्याचे मूळ आहारात नसते. ते पेशीतल्या न्यूक्लिइक आम्लात असते. हे आम्ल काय काम करते, ते आज पाहू.

आपल्या शरीरातील बहुतेक पेशींच्या आत केंद्रक असते. त्यात ४६ गुणसूत्रे असतात, २३ आईकडून आलेली आणि २३ वडिलांकडून. या गुणसूत्रांत डीएनए हे न्यूक्लिइक आम्ल गुंडाळून ठेवलेले असते. एका पेशीतील डीएनए उलगडला तर तो सुमारे दोन मीटर लांब भरेल!

डीएनएची रचना वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली मांडली. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतील क्ष-किरण छायाचित्रांचा त्यासाठी मोठा उपयोग झाला. ही रचना पीळ दिलेल्या दोराच्या शिडीसारखी आहे. शिडीचे दोन दोर साखर व फॉस्फेट यांचे, तर पायऱ्या चार घटकांच्या जोड्यांच्या: अॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. अॅडेनिनची जोडी थायमिनशी आणि ग्वानिनची सायटोसिनशीच जमते. त्यामुळे शिडी मधोमध उकलली की प्रत्येक अर्ध्यावरून दुसरा अर्धा जसाच्या तसा तयार होतो. आईवडिलांचे गुण मुलांत उतरतात ते या नकलेमुळेच.

हे चार घटक म्हणजे जणू चार अक्षरे. त्यांत शरीरातील प्रथिने बनवण्याच्या सूचना लिहिलेल्या असतात. एका सूचनेचा मजकूर म्हणजे एक जनुक. तलाठ्याचे मूळ दप्तर जागेवरच राहते आणि आपण सातबाराचा उतारा घेऊन कामाला लागतो, तसेच येथे घडते. डीएनए केंद्रकातच राहतो. त्याचा उतारा आरएनए हे दुसरे न्यूक्लिइक आम्ल बाहेर नेते. आरएनए बहुधा एकेरी दोराचे असते व त्यात थायमिनच्या जागी युरासिल असते. उताऱ्यातील तीन-तीन अक्षरे वाचून एकेक अमिनो आम्ल जोडले जाते व प्रथिनाची माळ तयार होते.

आता सिकलसेलकडे वळू. रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये १४६ मण्यांची एक माळ असते. तिच्या सहाव्या मण्याच्या सूचनेत एकच अक्षर बदलते, अॅडेनिनच्या जागी थायमिन येते. त्यामुळे ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हा मणी ओवला जातो. असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यावर एकमेकांस चिकटते. गोल, लवचिक तांबडी पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात म्हणून वेदना होतात. त्या लवकर फुटतात म्हणून रक्त कमी होते व कावीळ दिसते.

हा रोग स्पर्शाने होत नाही. तो कुणाचा शापही नाही. सदोष जनुक एकाच पालकाकडून आले तर ती व्यक्ती ‘वाहक’ असते. वाहकाला सहसा त्रास नसतो, त्यामुळे त्याला पत्ताही नसतो. नवराबायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन निरोगीच, हा हिशेब चुकीचा आहे. तसेच मूल आजारी निघाले म्हणून सुनेला बोल लावणेही अन्यायाचे आहे, कारण दोष दोन्हीकडून आलेला असतो.

रोग्याने भरपूर पाणी प्यावे, थंडी व अतिश्रम टाळावेत, ताप आल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे. लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने अनेकांच्या वेदना कमी होतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. जनुकांत फेरफार करणाऱ्या उपचाराला २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली, पण तो अतिशय खर्चिक आहे.

केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली आहे. हा रोग आदिवासी समाजात अधिक आढळतो, पण इतर समाजांतही आहे. तपासणीस थोडेसे रक्त पुरते व सरकारी दवाखान्यात तिची सोय असते. लग्न ठरवताना आपण पत्रिका बघतो, गुण जुळवतो. त्याआधी दोघांच्या रक्ताचा अहवाल जुळवून पाहावा. डीएनएमधले अक्षर आपल्याला सहज खोडता येत नाही, पण ते वेळीच वाचता मात्र येते.