यांत्रिक भाषांतराचे गुणांकन आणि मराठी वाक्यरचना

यंत्राने केलेल्या भाषांतराचा दर्जा आकड्यांत मांडण्यासाठी २००२ साली आयबीएममधील किशोर पपिनेनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्ल्यू’ ही पद्धती मांडली. यंत्राच्या भाषांतरातील एक ते चार सलग शब्दांचे गट मानवी भाषांतरात किती आढळतात, याची मोजणी हा तिचा गाभा होय. संगणकाच्या आज्ञावलीत ती क्षणात होते, आणि दोन प्रारूपांची तुलनाही तितक्याच सहजतेने.

मराठीची अडचण येथेच उद्भवते. ‘गंगूने दार उघडले’ हे प्रमाण वाक्य मानले, तर ‘दार गंगूने उघडले’ या निर्दोष वाक्यातील दोन शब्दांची एकही जोडी जुळत नाही. वस्तुतः बदलतो तो केवळ भर. उलट ‘गंगूने दार उघडले नाही’ यातील तीन जोड्यांपैकी दोन जुळतात. अर्थ उलटला, तरी जोड्यांचे गुण अधिक! ही पद्धती एकेका वाक्यासाठी नव्हे, तर समग्र संहितेसाठी योजलेली आहे, हे खरे. परंतु शब्दक्रमाची मोकळीक मराठीत पानोपानी आढळते.

प्रत्ययांचीही हीच गत. ‘घरात’ आणि ‘घरामध्ये’ हे या मोजणीला सर्वस्वी भिन्न शब्द. २०१५ साली माया पोपोविच यांनी सुचविलेली ‘सीएचआरएफ’ पद्धती अक्षरगट पाहते. त्यामुळे ‘घरा’ हा सामाईक अंश तिच्या नजरेतून निसटत नाही. ‘नाही’चे वजन मात्र तिलाही कळत नाही.