खोली मिळते, सहवासाचे काय?

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचे पोफळी गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते कोयना प्रकल्पाच्या भूमिगत वीजगृहामुळे. १९६२मध्ये येथे वीजनिर्मितीस प्रारंभ झाला आणि प्रकल्पाच्या निमित्ताने वेगवेगळ्या जिल्ह्यांतील कुटुंबे शेजारी राहू लागली. मात्र बारावीनंतर येथील मुलांपुढे दोनच वाटा उरतात. एकतर चिपळूणला एसटीने ये-जा करायची किंवा घाट चढून कराड, सातारा, पुणे गाठायचे. घाटापलीकडे गेलेल्या मुलाची पहिली चिंता प्रवेशाची नसते, राहण्याची असते. त्या राहण्यातूनही शिक्षण घडू शकते, हा विचार मात्र मागे पडत चालला आहे.

विद्यार्थ्यांनी एकाच छताखाली राहावे, तेच विषय एकत्र अभ्यासावेत आणि शिक्षकही त्यांच्यातच वावरावेत, ही कल्पना अमेरिकेतील विद्यापीठांत आज चांगलीच रुजली आहे. तिचे मूळ विस्कॉन्सिन विद्यापीठात अलेक्झांडर माइकलजॉन यांनी १९२७मध्ये सुरू केलेल्या प्रायोगिक महाविद्यालयात शोधले जाते. तेथे पहिल्या वर्षी प्राचीन अथेन्स आणि दुसऱ्या वर्षी आधुनिक अमेरिका असा सलग अभ्यास असे. वर्ग आणि वसतिगृह यांतली भिंतच काढून टाकली होती. विद्यार्थिसंख्या घटली, टीकाही वाढली आणि १९३२मध्ये हा प्रयोग आटोपला.

योगायोग असा, की त्याच १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते साताऱ्यातील एका वसतिगृहाचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४मध्ये सुरू केलेल्या या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि कामेही मिळून करीत. त्या काळी सहभोजन हा भाषणाचा विषय होता. येथे तो रोजचा दिनक्रम झाला. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिनेही मोडले. या वसतिगृहात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

ही मुले मोठी झाली तेव्हा महाविद्यालयाची गरज भासली. १९४७मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले, तेही 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. आज अनेक ठिकाणी ही योजना कार्यालयात वा ग्रंथालयात काही तास काम आणि त्याचे मानधन एवढ्यापुरती उरलेली दिसते. भाऊरावांच्या कल्पनेत श्रम हे केवळ शुल्क भरण्याचे साधन नव्हते. शेतात किंवा बांधकामावर शेजारी राबणाऱ्या दोघांत जात आणि ऐपत यांचे अंतर कमी होते, हा त्यामागील हिशेब होता. कराडला १९५४मध्ये स्थापन झालेले सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालयही याच रयत शिक्षण संस्थेचे. पोफळीहून घाट चढून जाणाऱ्यास ते साताऱ्यापेक्षा जवळचे.

पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५मध्ये स्थापन केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने हीच वाट शहरी वळणाने पुढे नेली. ग्रामीण भागातून आलेल्या गरजू मुलामुलींना समितीच्या वसतिगृहांत अल्प खर्चात निवास मिळतो आणि त्याबरोबर श्रमाची व स्वावलंबनाची सवयही लागते.

अशा जागा मोजक्या आणि गरजू विद्यार्थी अनेक, ही खरी अडचण होय. शासनाने त्यावर काढलेला एक मार्ग रोख रकमेचा आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७पासून स्वाधार योजना आहे. निवास-भोजनाचा खर्च थेट त्यांच्या खात्यात जमा होतो. ज्याला खोलीच मिळत नव्हती, त्याच्या दृष्टीने ही मदत मोलाचीच. परंतु खात्यात जमा झालेल्या पैशातून कॉट मिळते, डबा मिळतो. रात्री अडलेले गणित समजावणारा वरच्या वर्गातील सोबती किंवा सहज खोलीत डोकावणारे प्राध्यापक त्यातून मिळत नाहीत. भाड्याच्या खोलीत बहुधा एकाच तालुक्यातील, एकाच ओळखीतील मुले एकत्र येतात. म्हणजे साताऱ्याच्या बोर्डिंगने जे अंतर मोडले, तेच येथे नकळत पुन्हा आखले जाते.

नवी वसतिगृहे बांधताना खाटांची संख्या मोजली जाते, निविदाही त्यावरच निघतात. अभ्यासिका, एकत्र भोजनाची जागा आणि आवारातच राहणारा शिक्षक यांचा खर्च त्या मानाने फार नाही; तथापि तो कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, हे अद्याप कोणी ठरवलेले दिसत नाही.