अडविणाऱ्या गड्याची विद्या

कबड्डीचा सामना पाहून परतणाऱ्या मंडळींचें बोलणें आपण ऐकलेंच असेल. कोणीं किती गडी बाद केले, कोण कसा उडी मारून निसटला, याचीच सारी चर्चा. ज्यानें ऐन वेळीं वाट रोखून धरिली आणि इतरांना झडप घालण्यास अवसर मिळवून दिला, त्याचें नांव क्वचित् निघतें. आजचा विषय त्या गड्याचा आहे. परत फिरलेल्या चढाईवाल्यास समोरून अडविणें, ज्याला मैदानावर सगळेच 'ब्लॉक' म्हणतात, तें कसें साधतें आणि कां फसतें, याचा विचार आपण करूं.

नांदेड जिल्ह्यांतील भोकर हें गांव मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर, तेलंगणाच्या सीमेच्या अंगाला वसलेलें आहे. भोंवतीं काळी जमीन, कापसाची आणि सोयाबीनची शेतें. अशा गांवांत शाळेच्या पटांगणावर किंवा सुगीनंतर मोकळ्या झालेल्या जागेंत चुन्याच्या रेषा ओढल्या कीं खेळ सुरू होतो. तेथील एखाद्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाची कल्पना करा. अंगानें किरकोळ, वजन पन्नास-पंचावन्न किलो. चढाईंत चपळाई नाहीं, म्हणून संघनायकानें त्यास बचावांत उभें केलें आहे. चढाईवाला परत वळला कीं हा धांवत पुढें येतो, दोन्ही हात पसरतो, आणि दर वेळीं बाजूला फेंकला जातो. "तुझ्यांत जोर नाहीं" हा निकाल त्यास ऐकावा लागतो. तो बिचारा आणखी जोर-बैठका काढतो. महिन्यानें पुन्हा तेंच. अखेर तो मैदानावर येईनासा होतो. अशा मुलांसाठीं आणि त्यांना शिकविणाऱ्यांसाठीं आज हें सांगावयाचें आहे कीं, दोष बहुधा जोराचा नसतो. तो जागेचा आणि वेळेचा असतो. आणि जागा व वेळ या दोन्ही गोष्टी शिकतां येतात.

खेळ आपल्या परिचयाचा आहे. महाराष्ट्रांत त्यास हुतुतू म्हणत. सीमेपलीकडील तेलुगु मुलुखांत तोच चेडुगुडु. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगीं त्याचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. १९५० सालीं अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि १९९० सालीं बीजिंग येथें आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळास स्थान मिळालें. प्रौढ पुरुषांचें मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असतें. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरांवर निदानरेषा, तिच्यामागें एक मीटरवर बोनस रेषा, आणि मध्यरेषेपासून साडेसहा मीटरांवर अंतिम रेषा. चढाईवाल्यानें दम न सोडतां निदानरेषा ओलांडावी आणि ३० सेकंदांच्या आंत परतावें, असा नियम आहे. मीटरांचे हे आंकडे कंटाळवाणे वाटतील. परंतु अडविण्याची सगळी विद्या या आंकड्यांतच दडलेली आहे.

प्रथम जागेचा विचार करूं. बचावाचे सात गडी अर्धवर्तुळांत उभे असतात. दोन्ही टोकांस कोपरारक्षक, त्यांच्या आंतल्या अंगास इतर गडी, बहुधा हातांत हात गुंफून साखळी करून. चढाईवाला सहसा कोपऱ्यावर चाल करतो. त्या क्षणीं त्या बाजूच्या मध्यरक्षकानें, म्हणजे 'कव्हर'वरच्या गड्यानें, त्याच्या परतीच्या वाटेंत शिरावयाचें असतें. नवशिका गडी येथेंच चुकतो. तो मध्यरेषेच्या जवळ जाऊन उभा राहतो. त्यास वाटतें कीं, घराचें दार अडविलें म्हणजे झालें. पण चढाईवाल्यानें दम न सोडतां मध्यरेषेस बोटाचें टोंक लावलें तरी तो सुटतो. हात लांब करून पुढें पडणारा मनुष्य आपल्या उंचीहून अधिक अंतर व्यापतो. तेव्हां मध्यरेषेपासून दोन मीटरांवर त्यास गांठणें म्हणजे त्यास सोडून देण्यासारखेंच आहे. अडवणूक व्हावयास हवी ती निदानरेषेच्या आसपास, आणि शक्य तर तिच्याही पलीकडे, अंतिम रेषेच्या बाजूस. तेथें धरलेला गडी कितीही आडदांड असला तरी त्याच्यापुढें पावणेचार मीटरांची वाट उरते, आणि तेवढ्या वाटेंत आपले चार साथीदार येऊन पोंचतात.

आतां वेळेचा विचार. चढाईवाला कोपऱ्यावर पाय किंवा हात टाकतो तेव्हां त्याचें वजन एका पायावर आलेलें असतें. मग तो अंग आंखडून घेतो, वळतो आणि धांव ठोकतो. वळतांना एक क्षण असा येतो कीं, त्याचा पुढें जाण्याचा वेग संपलेला असतो आणि मागें येण्याचा वेग अजून सुरू व्हावयाचा असतो. तो क्षण अडविणाऱ्याचा. येथें पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम उपयोगी पडतो. धांवत्या शरीराची गतिज ऊर्जा त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. सत्तर किलो वजनाचा गडी सेकंदास एक मीटर वेगानें येत असेल तर ती ऊर्जा ३५ ज्यूल भरते; तोच गडी सेकंदास चार मीटर वेगानें आला तर ५६० ज्यूल. वेग चौपट, पण थोपवावयाची ऊर्जा सोळापट! म्हणजे जो मुलगा दोन पावलें उशिरां भिडला, त्यानें सोळापट ओझें आपण होऊन अंगावर घेतलें. जोर-बैठकांनीं ताकद वाढते खरी, परंतु ती एका महिन्यांत सोळापट खास होत नाहीं. दोन पावलें आधीं पोंचणें मात्र एका महिन्यांत साधूं शकतें.

आधीं पोंचावयाचें म्हणजे उतावळेपणा करावयाचा, असें मात्र नव्हे. चढाईवाला वळण्यापूर्वींच जो पुढें झेंपावतो, तो आपण होऊन त्यास गुण बहाल करतो. यासाठीं नजर कोठें ठेवावी हें ठरविलें पाहिजे. चढाईवाल्याचे हात फसवितात, खांदे फसवितात, डोळे तर फसविण्यासाठींच असतात. कंबर फसवीत नाहीं. शरीराचा गुरुत्वमध्य कंबरेच्या आसपास असतो, आणि तो जिकडे वळला तिकडेच मनुष्याला जावें लागतें. म्हणून नजर कंबरेवर ठेवावी आणि ती वळतांच पाऊल टाकावें.

जागा आणि वेळ साधली कीं मग अंगाची ठेवण. आमचा मुलगा ताठ उभा राहून हात पसरतो, ही त्याची दुसरी मोठी चूक. पाय खांद्यांहून किंचित् अधिक रुंद असावेत, एक पाऊल अर्ध्या वितीनें मागें, गुडघे वांकलेले, पाठ सरळ, वजन टांचांवर न ठेवतां चवड्यांवर. कलत्या भिंतीस वासा टेकवितात तो तिरपा टेकवितात, उभा नव्हे. मागचा पाय हा आपला तिरपा वासा होय. समोरून आलेला रेटा त्यावाटे जमिनींत उतरतो. दोन्ही पाय एका रेषेंत ठेवून उभें राहणाऱ्यास मात्र लहान पोरही मागें पाडूं शकतें.

मराठवाड्यास ही ठेवण नवी नाहीं. ती कुस्तीच्या पवित्र्याची धाकटी बहीण आहे. लोहा तालुक्यांतील माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत कुस्त्यांचे फड भरतात, आणि लातूर जिल्ह्यानें हरिश्चंद्र बिराजदारांसारखा मल्ल दिला, ज्यांनीं १९७० सालीं एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें. तालमींतील वस्ताद "खालीं रहा" म्हणून ओरडतात तें याच कारणासाठीं. सातासमुद्रांपलीकडील एका अगदीं निराळ्या खेळांतही हाच मंत्र आहे. अमेरिकेंत फुटबॉल या नांवानें जो खेळ खेळतात, त्यांत चेंडू हातांत घेऊन पळतात, आणि चेंडूवाल्यासाठीं पांच जणांची एक फळी प्रतिपक्षास अडवून धरते. त्या फळींतील नवशिक्यासही पहिला धडा हाच मिळतो कीं, दोघे भिडले असतां जो खालून भिडतो तो जिंकतो. तेथें अडविणें तें आपल्या गड्यास वाट करून देण्यासाठीं, येथें तें शत्रूची वाट बंद करण्यासाठीं. पण शरीराचा कायदा दोन्हीकडे एकच.

हातांविषयीं एवढेंच कीं, ते दूर पसरूं नयेत. भरलेली घागर छातीशीं धरून मैलभर चालतां येतें. हात लांब करून तीच धरली तर दहा पावलांत खांदा भरून येतो. कोंपरें अंगाशीं ठेवून, छाती भिडल्यावरच हात चढाईवाल्याच्या कंबरेमागें नेऊन जुळवावेत. डोकें समोर खुपसूं नये. तोंड वर आणि डोकें प्रतिस्पर्ध्याच्या कुशीच्या एका बाजूस असावें. डोकें खालीं घालून धडक देणाराच्या मानेस गंभीर इजा होऊं शकते. नियमाची मर्यादाही ध्यानांत असावी. धरावयाचें तें धड किंवा हातपाय. तोंड दाबून दम तोडणें आणि पायांची कात्री घालणें हीं कृत्यें निषिद्ध आहेत.

आतां आपल्या मातीविषयीं दोन शब्द. पायांचा सगळा जोर जमिनीच्या घर्षणावर चालतो. आमची काळी माती उन्हाळ्यांत दगडासारखी कठीण होऊन भेगाळते, आणि पावसाळ्यांत तळव्यांस चिकटून सरकते. कठीण जमिनीवर मुलें पडण्यास भितात, आणि पडण्यास भिणारा गडी वांकत नाहीं, ताठच राहतो. म्हणजे अनेकदां मुलाचा दोष हा मैदानाचा दोष असतो. मैदान खणून, खडे वेंचून, माती बारीक करून, पाणी शिंपडून सारखें केलें, तर अर्धें शिक्षण तेथेंच होतें. मोठे सामने आतां मॅटवर व बूट घालून होतात. परंतु मॅट नाहीं म्हणून विद्या अडून राहत नाहीं.

या विद्येचा अभ्यास कसा करावा? त्यास पैसा लागत नाहीं, साथीदार लागतो. पहिल्या आठवड्यांत चढाई नकोच. पवित्रा घेऊन, पाय न जुळवितां व न ओलांडतां, डावीकडे-उजवीकडे सरकण्याचा सराव रोज दहा मिनिटें करावा. दुसऱ्या आठवड्यांत दोन मीटर रुंदीची एक पट्टी आंखून साथीदारानें चालत चालत त्यांतून निसटण्याचा प्रयत्न करावा. अडविणाऱ्यानें हात पाठीमागें बांधून केवळ पायांनीं त्याच्या समोर राहावें. हात बांधले कीं पायांस अक्कल येते. तिसऱ्या आठवड्यांत भुसा भरलेलें पोतें साथीदारानें छातीशीं धरावें, आणि आपण खालून भिडून, लहान लहान पावलें टाकीत, तें पांच पावलें मागें रेटावें. चौथ्या आठवड्यांत खरी चढाई, पण अर्ध्या वेगानें. पूर्ण वेग सर्वांत शेवटीं. आमच्याकडे क्रम नेमका उलटा असतो: पहिल्याच दिवशीं पूर्ण वेगाचा दांडगा गडी अंगावर सोडतात, आणि मुलगा पडला कीं त्यास निकामी ठरवितात.

आणखी एक गोष्ट, आणि ती साथीदारांनीं ऐकावी. अडविणारा एकटा क्वचितच चढाईवाल्यास संपवितो. त्याचें काम त्यास एक-दोन सेकंद खोळंबवून ठेवण्याचें. तेवढ्यांत कोपरारक्षकानें घोटा धरला पाहिजे, साखळीनें मागून वेढा घातला पाहिजे. मदत उशिरां आली आणि चढाईवाल्यानें मध्यरेषा गांठली, तर अडविणारा बाद होतो आणि त्यास शिवलेले इतरही बाद होतात. मग बोल लागतो तो पहिल्या गड्यास. वास्तविक त्यानें आपले दोन सेकंद चोख दिलेले असतात. शिक्षकानें हिशेब ठेवावा तो या दोन सेकंदांचा.

बचावाचें महत्त्व किती, हें २०१८ सालीं जकार्ता येथें साऱ्या देशानें पाहिलें. आशियाई स्पर्धेच्या उपांत्य सामन्यांत इराणनें भारतीय पुरुष संघास २७ विरुद्ध १८ गुणांनीं हरविलें. १९९० पासून सलग मिळत आलेलें पुरुषांचें सुवर्णपदक त्या वर्षीं प्रथमच हुकलें. चाळीस मिनिटांच्या खेळांत भारतास अवघे अठरा गुण मिळावेत, हा इराणच्या पकडींचा पराक्रम होता. पुढें २०२३ सालीं हांगझोऊ येथें अंतिम सामन्यांत इराणलाच ३३ विरुद्ध २९ असें नमवून भारतानें तें पदक परत आणिलें. ज्या देशांत गल्लोगल्लीं चढाईवाले निपजतात, त्या देशास अडविणारेही घडवावे लागतात, हा त्या पराभवाचा धडा.

म्हणून भोकरच्या, उमरीच्या, हदगांवच्या किंवा कोणत्याही गांवच्या शिक्षकास विनंति एवढीच कीं, हलक्या अंगाच्या मुलास "जोर नाहीं" म्हणून परत पाठवूं नका. त्यास महिनाभर पायांचें शिक्षण द्या, कंबर ओळखावयास शिकवा, मैदानाची माती मऊ करा. त्या मुलांनींही एक ध्यानांत ठेवावें. सामना संपल्यावर लोक तुमचें नांव घेतीलच असें नाहीं. पण चढाईवाला तुमच्या बाजूनें परतावयाचें टाळूं लागला, तर तुम्हांला विद्या आली असें खुशाल समजावें.