गाव शहरात जाते, पाणलोट कुठे जातो?

गाव महापालिकेत विलीन झाले की त्याचा कारभार बदलतो, कर बदलतात, पत्ताही बदलतो. या स्थित्यंतरात राज्यघटनेतील एक विषयही निसटतो, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पंचायतींना सोपवता येतील असे २९ विषय अकराव्या अनुसूचीत आहेत. मृदसंधारण, जलव्यवस्थापन आणि पाणलोट क्षेत्र विकास हे त्यांतलेच. नगरपालिका व महापालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. त्यांत नगरनियोजन आहे, जमीनवापराचे नियमन आहे, पाणीपुरवठा आहे, पर्यावरण संरक्षणही आहे. पाणलोट मात्र नाही.

या उणिवेचे परिणाम पाहायचे तर बेंगळूरुसारखे दुसरे शहर नाही. २००७ मध्ये आठ नगरपालिका आणि ११० गावे सामावून घेत तेथील महापालिकेचा विस्तार झाला. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या कण्यावर वसलेल्या या शहराला बारमाही नदी नाही. पश्चिमेचे पाणी वृषभावतीतून अर्कावतीला आणि पुढे कावेरीला मिळते. हेब्बाळ आणि कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यांतले पाणी पूर्वेकडे दक्षिण पिनाकिनीला जाते. पूर्वजांनी या उतारांवर तलावांच्या साखळ्या बांधल्या. एका तलावाच्या सांडव्यावरून निघालेले पाणी ‘राजकालुवे’ नावाच्या मोठ्या नाल्यांतून खालच्या तलावात जाई. पाणी सोडणे आणि वाटणे हे गावच्या ‘नीरगंटी’चे काम, आपल्याकडे फड पद्धतीत पाटकरी करत असे तेच. जमीन, उतार आणि पाणी यांचा विचार तेव्हा एकत्र होत होता.

आज तो तुकड्यांत होतो. वसाहतींची आखणी १९७६ च्या कायद्याने आलेले विकास प्राधिकरण करते, पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण १९६४ पासूनच्या मंडळाकडे आहे, पावसाळी नाले महापालिकेकडे, प्रदूषणाची तपासणी तिसऱ्याच मंडळाकडे. तलावांसाठी २०१४ मध्ये कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले आणि २०१८ मध्ये ते मोडीतही निघाले. मधल्या काळात बेळ्ळंदूर तलावावर फेस दाटला आणि २०१७ व २०१८ मध्ये तो चक्क पेटला.

न्यायालयांतील वादही माझ्या मते मूळ प्रश्नाला वळसा घालून गेला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये तलावाभोवती ७५ मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये तो आदेश रद्द केल्याने शहर आराखड्यातील ३० मीटरचा नियम पुन्हा लागू झाला. काठापासून किती मीटर, एवढ्यावरच सारी चर्चा झाली. तलाव भरतो तो मात्र काठामुळे नव्हे, वरच्या उतारामुळे. तो उतार काँक्रीटखाली गेला तर पट्टा कितीही रुंद ठेवा, पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात टंचाई अटळ आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये बाह्य वर्तुळाकार मार्गावरील कार्यालये पाण्यात होती. मार्च २०२४ मध्ये शहरातील सुमारे १४ हजार सरकारी बोअरवेलपैकी जवळपास निम्म्या कोरड्या पडल्या होत्या.

महाराष्ट्राने याकडे शेजाऱ्याची अडचण म्हणून पाहू नये. हिवरे बाजारच्या ग्रामपंचायतीने पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडला, सिंचनासाठी बोअरवेल घेण्यास बंदी केली, उसासारखी पिके टाळली. उतार आणि पाणी दोन्ही एकाच ग्रामसभेच्या विचाराधीन असल्याने हे शक्य झाले. पुणे महापालिकेत मात्र २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. त्यांच्या टेकड्या आणि ओढ्यांचा ताळेबंद आता कोणती सभा मांडणार? सप्टेंबर २०१९ मधील आंबिल ओढ्याच्या पुराने हा प्रश्न आधीच विचारला आहे.

स्थानिक संस्थाच बांधकाम व्यावसायिकांच्या दबावाखाली येतात, हा आक्षेप खरा आहे. बेंगळूरुच्या वेशीवरील अनेक अनियमित वसाहती ग्रामपंचायतींच्या डोळ्यांदेखत उभ्या राहिल्या. पण निवडून आलेली सभाच नसणे हा त्यावरचा उपाय नव्हे. बेंगळूरुच्या नगरसेवकांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली, त्यानंतर पाच वर्षे प्रशासकांनी कारभार पाहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये महापालिकेचे पाच भाग झाले. त्यांच्या सीमा आखताना आधार प्रामुख्याने विधानसभा मतदारसंघांचा होता, खोऱ्यांचा नव्हे.

अनुसूचीत शब्द नाही म्हणून राज्य सरकारचे हात बांधलेले नाहीत. महापालिका कायद्यातच पाणलोटाची जबाबदारी लिहिता येईल, प्रत्येक खोऱ्यासाठी लोकप्रतिनिधींची समिती नेमता येईल आणि नव्या वसाहतीला मंजुरी देण्यापूर्वी तिचा उतारावरील परिणाम तपासणे बंधनकारक करता येईल. किमान एवढे तरी व्हावे: यापुढे गाव शहरात घेताना त्याच्या मिळकतींच्या नोंदींबरोबर त्याचे ओढे, सांडवे आणि उतारही नव्या कारभाऱ्यांनी लेखी ताब्यात घ्यावेत.