वही ठेवा, वजन चढवा

स्नायूंवरचा ताण हळूहळू वाढत गेला, तरच ते वाढतात. म्हणून जिममध्ये छोटी वही हवीच. ‘स्क्वॉट, ४० किलो, ८-८-७’ एवढी नोंद पुरते. तिन्ही सेटमध्ये ८ जमले की पुढच्या वेळी अडीच किलो चढवा. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि स्नायूंचा मेळ बसल्याने. आरशात फरक दिसायला महिने लागतात. नेमके त्याआधीच अनेक जण जिम सोडतात, याची हळहळ वाटते. व्यायामाबरोबर झोपही ७ तास तरी घ्या. प्रथिने शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम हवीत. नुसत्या वरण-भातावर ही गरज भागत नाही. अंडी (एकात सुमारे ६ ग्रॅम), दही, सोयाबीन, मासे यांची जोड द्या. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.